मंजूर शिडी

आमच्या हेब्बाळच्या फ्लॅटचा विमा-दावा मंजूर झाला. हे वाक्य वाचकांनी कृपया विसरावं. घरात आम्हीही तसंच केलं आहे.

प्रकरण साधं होतं. वरच्या मजल्यावरच्या अश्लेषाचा पाइप फुटला आणि आमच्या बेडरूमच्या छताला ओल येऊन गिलावा फुगला. ती खोली सासूबाईंसाठी राखलेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी तिथे उताणं पडून राहायचं, असं ठरलं होतं. "आईच्या डोळ्यात फक्त डॉक्टरांनी दिलेलेच थेंब पडले पाहिजेत," असं माझ्या बायकोने, सुखदाने, बजावलं होतं.

रंगारी देवाप्पाने दुरुस्तीचा अंदाज दिला: जुना गिलावा खरवडणे, नवा लावणे, रंग आणि शिडीचं भाडं. विमा कंपनीचे सर्व्हेअर दयानंद हे मूळचे निपाणीचे, अतिशय सभ्य गृहस्थ. फोनवर म्हणाले, "सर, प्रत्येक बाबीपुढं समर्थन लिहा. नुसती बाब चालत नाही बघा."

मला आनंदच झाला. मी आयटीत आहे. दुसऱ्यांच्या अंदाजावर 'हे कशाला?' असं विचारणं हाच माझा व्यवसाय, आणि त्याच गुणावर मला बढती मिळालेली आहे.

शिडीपासून सुरुवात केली. छताची उंची, देवाप्पाची उंची, हात वर केल्यावर उरणारं अंतर, सगळं आकृतीसह. दयानंदांनी विचारलं, "मग उंच रंगारी का घेतला नाही?" मी प्रश्न देवाप्पाकडे पाठवला.

"छताला हात पुरणारा माणूस रंग कशाला मारंल वो?" देवाप्पा म्हणाला. "शिडी नको तर नको. खालनं फेकतो रंग. लागला तेवढा तुमचा."

पर्यायी पद्धतीचा विचार झाल्याचा पुरावा म्हणून मी हेही जोडलं. दयानंद खूश झाले. शिडीचं समर्थन त्यांनी म्हणे ऑफिसात इतरांनाही दाखवलं.

मग खरवडणं. दयानंदांचा प्रश्न आला, "गिलावा आपोआप पडणारच असंल तर मजुरी कशाला?" मी लिहिलं, वाट बघायला वेळ नाही. वेळ का नाही, याचं समर्थन मागितलं गेलं. मी सासूबाईंचा डोळा जोडला. कोणता डोळा, अशी विचारणा आली.

"डावा," सुखदा म्हणाली. "आणि तुझा कुठला फुटलाय तेही कळव."

या पत्रव्यवहारात वरचा पाइप दुरुस्त झाला आणि छत वाळलं. फुगवटाही बराचसा बसला. दयानंद पाहणीला आले आणि मान वर करून उभे राहिले.

"ओल दिसंना की, सर. न दिसणाऱ्या ओलीला समर्थन कुठलं?"

माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. आमच्या ऑफिसात नियम आहे: जो बिघाड पुन्हा घडवून दाखवता येत नाही, तो झालेलाच नाही. दयानंदांना खाली उभं करून मी वर गेलो. अश्लेषा लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होती.

"पाइपचा जोड सैल करू का? स्वल्प."

"कर. माझी मॅट भिजवू नकोस."

मॅट कोरडी राहिली. खाली ओल हुबेहूब आली. तिच्यामागून गिलावा आला, आणि त्याच्यासोबत, कोणत्याही बाबीत नमूद नसलेला, पंखा.

"आता दिसतंय," दयानंद खांद्यावरची खपली झटकत म्हणाले. "पण हे तुम्ही केलंय की, सर."

निकाल लागला. नुकसान मालकाने स्वहस्ते केल्यामुळे खरवडणे, गिलावा आणि रंग नामंजूर. शिडीचं समर्थन मात्र निर्दोष असल्याने शिडी मंजूर.

ती आता बेडरूममध्ये उभी आहे. सासूबाई ऑपरेशन करून आल्या, हॉलमधल्या सोफ्यावर झोपतात. नव्या डोळ्याने त्यांना सगळं स्वच्छ दिसतं, जावयासकट.

'पण पाइप सैल करायला कोणी सांगितलं होतं?' असं तुमच्याही मनात आलं असेल. अभिनंदन. कंपनीत सर्व्हेअरच्या जागा रिकाम्या आहेत.

दरम्यान मी अर्ज केला आहे. सदर मंजूर शिडीवर चढण्यास पुरेसं असं एखादं कारण कंपनीने आपल्या स्तरावर मंजूर करून, शक्यतो सासूबाईंच्या उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनपूर्वी, समर्थनासह उपलब्ध करून द्यावं, ही नम्र विनंती.