अडीच हजार वर्षांचा वाकडा वाडगा

संग्रहालयातल्या फोटोवाल्या काकांनी चूक केली, पण अगदी नियमाप्रमाणे केली, हे आधीच सांगितलेलं बरं.

उत्खननातली भांडी नव्या ॲपवर चढवायची होती. वस्तू फिरत्या पाटावर ठेवायची, शेजारी सेंटिमीटरची पट्टी, चहूबाजूंनी ऐंशी फोटो. मग घरबसल्या कुणीही ती बोटाने फिरवून बघावी. काकांनी आधी घरी सराव केला, तोही बायकोच्या मातीच्या वाडग्यावर, पट्टीबिट्टी लावून. कुंभारकामाच्या वर्गात तिने तो केला होता. तेव्हा "हा बसलाय की पडलाय?" म्हणून काका खो खो हसले होते आणि ती दोन दिवस बोलली नव्हती. आता तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

सोमवारी 'अडीच हजार वर्षांपूर्वीचा वाडगा' म्हणून चढला तो हाच! दोन्ही फाइली शेजारी शेजारी होत्या, दुसरं काय?

काकांना मंगळवारी कळलं. ते तो ॲपवरून काढायलाच बसले, पण खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं! 'किती मायेचा हात!' एका निवृत्त प्राध्यापकांनी तर लिहिलं, 'आतले बोटांचे ठसे पाहा. करणारी व्यक्ती डावखुरी आणि भलतीच उतावळी असावी.'

काका बघतच राहिले. हुबेहूब ती! घरात तिचा विषय निघाला की मुलं बोलणं बदलत, आणि इथे परकी माणसं तिच्याबद्दल भरभरून बोलत होती. काकांना ते हवंहवंसं वाटलं. आज काढतो, उद्या काढतो करत गुरुवार उजाडला.

"काका, कमाल केलीत!" संचालकबाई आल्या. "वीस हजार लोकांनी बघितला. शनिवारी प्रत्यक्ष बघायला येतायत. काचेत ठेवा तो."

"काचेत नाही ठेवता येणार, बाई."

"का?"

"त्यात माझ्या घराच्या चाव्या असतात."

सगळं ऐकून बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, नोकरी जाईल तुमची! माझीसुद्धा! आत्ताच्या आत्ता काढा."

"संध्याकाळपर्यंत राहू दे ना. हिच्याबद्दल लिहिलंय, सगळं वाचून नाही झालं."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "बरं. पण खरं काय ते लिहा."

काकांनी लिहिलं, 'वाडगा चार वर्षांपूर्वीचा. माझ्या बायकोने केलेला. चूक माझी. संध्याकाळी काढतोय.' लोकांनी यथेच्छ टिंगल केली. प्राध्यापकांनी आपलं मत गुपचूप पुसून टाकलं.

पाचाला एक मजकूर आला. 'मी कुंभारकाम शिकवते. ताईंनी दुसराही केला होता, तुमच्यासाठी. "हा सरळ जमलाय, आता हसून दाखवा म्हणावं," म्हणाल्या होत्या. भाजून ठेवलाय, न्यायला कुणी आलंच नाही.'

काका तडक निघाले. शिकवणाऱ्या बाईंनी फळीवरून वाडगा काढला, पदराने धूळ पुसली आणि मेजावर ठेवला. तो लगेच एका अंगाला झुकला. पहिला बरा म्हणायची वेळ आली.

"भाजताना जरा कलला, नाही?" बाई ओशाळून म्हणाल्या.

काकांनी तो दोन्ही हातांनी उचलला. डोळे भरून आले होते, तरी त्यांनी तो नीट, चहूबाजूंनी फिरवून बघितला.

"छे हो! अगदी सरळ आहे."