बुलावानचे कॅप्टन

आमच्या वॉशिंग मशीनचं उद्घाटन झालेलं आहे. रीतसर, लाल रिबीन कापून. डिलिव्हरीवाले मशीन बसवून गेले, मी पहिले कपडे आत टाकणार, एवढ्यात समोरच्या घरातले कॅप्टन दारात उभे. हातात स्टीलचा ट्रे, ट्रेवर कात्री, मनगटाला रिबिनीचं रीळ अडकवलेलं.

"मॅम, असं कोरडंच सुरू करू नका," ते म्हणाले. "आमच्या बुलावानमध्ये उद्घाटनाशिवाय हातपंपसुद्धा पाणी देत नाही."

मी संजयकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, पाहिलं. तो सोफ्यावरून हललाही नाही. "अगं, कापून टाक," तो मराठीत म्हणाला. "आपल्याकडे मुतारीचं उद्घाटन करतात, हे तर मशीन आहे."

मी रिबीन कापली. कॅप्टननी टाळ्या वाजवल्या आणि छोटंसं भाषण केलं. त्यात त्यांनी मशीनचे, ते उचलून आणणाऱ्या दोघांचे आणि साताऱ्यात बसलेल्या माझ्या सासूबाईंचे आभार मानले. मग आम्हाला कपडे धुवायची परवानगी मिळाली.

हे कॅप्टन म्हणजे रोडेलिओ. फिलिपिन्समधल्या बुलावान नावाच्या लहानशा शहरातून ते लीड्सला आले होते. त्यांची बायको लूझ आमच्याच हॉस्पिटलमध्ये नर्स. भरती करणाऱ्यांनी तिला थेट तिथून आणलं, तिच्यामागून हे आले आणि पोर्टर म्हणून लागले. मी तिथे रेडिओग्राफर. पेशंटची ट्रॉली एक्स-रेला घेऊन ते यायचे तेव्हा आमची पहिली ओळख झाली. "कॅप्टन" ऐकून मला आधी वाटलं, जहाजावर असतील. फिलिपिनो माणूस आणि कॅप्टन, म्हणजे दुसरं काय असणार?

"जहाज नाही, मॅम. बारांगाय," ते म्हणाले आणि ट्रॉली बाजूला लावून त्यांनी मला समजावून सांगितलं. बारांगाय म्हणजे तिथला वॉर्ड. त्याचा निवडून आलेला प्रमुख तो कॅप्टन. ट्रॉलीवरच्या आजोबांनीही सगळं नीट ऐकून घेतलं आणि कॅप्टनला पगार किती असतो ते विचारलं.

पुढे काही महिन्यांत बुलावान मला लीड्सपेक्षा जास्त पाठ झालं. चंद्रकोरीसारखी खाडी. तिच्या एका टोकाला मासळी बंदर, दुसऱ्या टोकाला कॅप्टनचा कोळ्यांचा बारांगाय, मध्ये चर्च, चौक आणि पिवळ्या रंगाचा सिटी हॉल. गावाला शहराचा दर्जा मिळाला तेव्हा तीन दिवस बँड वाजला. नवीन पाटीला पैसे उरले नाहीत, म्हणून जुन्याच पाटीवर रंग मारून "सिटी" लिहिलं, आणि पाऊस पडला की खालचं नाव परत दिसायचं. शहर झालं म्हणून सिग्नल आला. एकच. त्याचं उद्घाटन आधी मेयरनी केलं. तीन टर्मच्या वर मेयर राहता येत नाही, त्यामुळे पुढे त्यांची बायको मेयर झाली. तिनेही त्याच सिग्नलचं उद्घाटन केलं. मग मुलगा.

"आणि मुलगा झाल्यावर?"

"तोपर्यंत वडील ताजेतवाने झालेले असतात, मॅम."

हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नसे. सासरच्या माणसांच्या खोडी सांगाव्यात तसं ते सांगायचे.

आमचा रस्ता लीड्समधल्या हजार रस्त्यांसारखाच. दोन्ही बाजूंना लाल विटांची चिकटून उभी घरं, टोकाला चिप्सचं दुकान आणि बसस्टॉप. कॅप्टननी या रस्त्याला बारांगाय मानलं आणि कुणाला न विचारता कारभार हातात घेतला. शनिवारी सकाळी ते स्वतः झाडू घेऊन निघायचे. कचऱ्याची बिन कुठल्या दिवशी कुठल्या रंगाची बाहेर ठेवायची हे दारोदार सांगायचे. तक्रार कसलीही असो, डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "नोटेड. फॉर अ‍ॅप्रोप्रिएट अ‍ॅक्शन." माझ्या नळातून थेंब गळायचा, तोही नोटेड होता.

एकदा डोरीनचं आणि तिच्या शेजारच्या स्टुडंट्सचं जुंपलं. डोरीन सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी, जिभेने तिखट. शेजारची मुलं रात्रीपर्यंत ढणढण गाणी लावायची. ती पोलिसांना फोन करणार होती. कॅप्टननी तिला थांबवलं. बुलावानमध्ये शेजाऱ्यांचं भांडण कोर्टात जाण्याआधी कॅप्टनपुढे यावंच लागतं, कायदाच आहे तसा. तिकडे बहुतेक भांडणं कॅराओकेची आणि कोंबड्यांची. त्यांनी दोन्ही पक्षांना आपल्या सोफ्यावर शेजारी शेजारी बसवलं, मध्ये नूडल्सचं भलंमोठं ताट ठेवलं, आणि ताट संपेपर्यंत कुणी उठायचं नाही असा नियम सांगितला. तासाभराने निकाल लागला. गाणी दहापर्यंत, आणि त्यातली दोन डोरीनच्या पसंतीची. मुलं पुढे तिच्या बागेतलं गवत कापून द्यायला लागली.

पण कॅप्टनना खरं हवं होतं ते बसस्टॉपवर छप्पर. आमच्या स्टॉपवर नुसता खांब होता. पावसात डोरीन आणि तिच्या वयाची माणसं भिंतीला चिकटून उभी राहायची. बुलावानमध्ये वाटेल त्या वळणावर अशी छपरं आहेत, आणि प्रत्येकावर ते बांधणाऱ्या मेयरचं नाव छपरापेक्षा मोठ्या अक्षरांत. "नाव वाचत माणूस कोरडा राहतो," ते म्हणायचे.

आमच्या वॉर्डाच्या कौन्सिलर मिसेस हॅरिसन दर महिन्याला लोकांची गाऱ्हाणी ऐकायला लायब्ररीत बसायच्या. कॅप्टन तिथे जायला लागले. पहिल्या भेटीत ते घरचा केक घेऊन गेले. भेटवस्तू घेता येत नाही असं त्या संकोचून म्हणाल्या, तेव्हा त्यांनी तो रांगेतल्या लोकांना वाटला. दुसऱ्या भेटीत त्यांनी आपल्या भाचीच्या लग्नात साक्षीदार म्हणून मिसेस हॅरिसन यांचं नाव घालायची तयारी दाखवली. लग्न बुलावानमध्ये होतं. तिकडे ही रीतच आहे, राजकारणी माणूस शेकडो लग्नांचा धर्मपिता असतो. मिसेस हॅरिसननी विचार करून सांगते म्हटलं. मग कॅप्टननी हळूच विचारलं, "आमच्या रस्त्यावरून मतदान किती होतं?"

"फार नाही," त्या म्हणाल्या.

कॅप्टन घरी आले ते सरळ आमच्या दारात. "मॅम, तुम्ही मत देता?"

"इथे? आम्ही तर इंडियन पासपोर्टवाले."

"तुम्ही कॉमनवेल्थ आहात. इथे राहणाऱ्या कॉमनवेल्थच्या माणसाला मत आहे. तुम्ही आलात त्या दिवसापासून आहे."

संजयला खरं वाटेना. "काय सांगताय? आम्हाला कुणी बोललंच नाही."

"आता मी बोललो," कॅप्टन म्हणाले.

त्यांनी अख्ख्या रस्त्याची नावं मतदारयादीत घालायला लावली. स्टुडंट्सना उठवून, डोरीनला भरीला पाडून, आम्हाला रोज आठवण करून. मे महिन्यात निवडणुकीच्या दिवशी संध्याकाळी ते अनोरॅकच्या, म्हणजे पावसाळी जाकिटाच्या, आत भरतकामाचा पांढरा झिरझिरीत शर्ट घालून आले. त्यांच्याकडे समारंभाला घालतात तो. आम्हा सगळ्यांना त्यांनी वरातीसारखं प्रायमरी स्कूलपर्यंत चालवत नेलं. मत कुणाला द्यायचं हे एका शब्दानेही सांगितलं नाही. डोरीनने विचारून पाहिलं, तर म्हणाले, "ते तुमचं आणि तुमच्या देवाचं."

शाळेच्या फाटकाशी ते थांबले. आम्ही आत जाऊन पेन्सिलीने फुल्या मारून आलो, तरी ते तिथेच, डोरीनची छत्री धरून. पाऊस भुरभुरत होता.

"कॅप्टन, तुमचं आधीच झालं का?" मी विचारलं.

"मी कॉमनवेल्थमध्ये येत नाही, मॅम. आमच्यावर ब्रिटिशांनी राज्य केलं नाही. आधी स्पेनने केलं, मग अमेरिकेने." त्यांनी छत्री झटकली. "चुकीचे मालक मिळाले."

आम्ही हसलो, तेही हसले. मग डोरीनला छत्री देऊन ते पुढे चालायला लागले. नेहमी सगळ्यांच्या मागे राहून कुणी सुटलं का ते बघणारा माणूस, त्या दिवशी पुढे गेला. आम्ही त्यांना गाठायला घाई केली नाही.

दुसऱ्या वर्षी छप्पर आलं. मतांमुळे आलं, की कॅप्टनच्या फेऱ्यांना कंटाळून, की ते येणारच होतं, कोण जाणे. मंगळवारी दोन कामगार आले, काचेचं छप्पर आणि अरुंद बाक उभा करून गेले. शनिवारी मिसेस हॅरिसन आल्या. कॅप्टनच्या ट्रेवरची कात्री उचलताना त्या लाजून लाल झाल्या, पण रिबीन अगदी मनापासून कापली. डोरीन बाकावर बसून म्हणाली की बाक थंड आहे. नोटेड.

त्यानंतर कॅप्टननी नागरिकत्वाची तयारी सुरू केली. परीक्षेसाठी पुस्तक पाठ केलं. कौन्सिलवरचे प्रश्न तर त्यांना इतके आवडले की ते ट्रॉली ढकलताना पेशंटनाच विचारायचे. पास झाले, टाउन हॉलमध्ये शपथ घेतली, आणि पुढच्या मे महिन्यात त्यांच्या नावाचं पोलिंग कार्ड आलं. त्या दिवसाची त्यांनी रजा टाकली. मलाही सुट्टी होती. दुपारी बाराला आम्ही दोघं आणि डोरीन निघालो.

कॅप्टनच्या पिशवीत पासपोर्ट, नागरिकत्वाचं सर्टिफिकेट, विजेचं आणि पाण्याचं बिल होतं. टेबलामागच्या बाईंपुढे त्यांनी सगळं मांडलं.

"याची गरज नाही, लव्ह," त्या इथल्या सवयीने म्हणाल्या. "नुसतं नाव सांगा."

त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, मधलं आईच्या माहेरचं धरून. कागद घेऊन ते आडोशाला गेले आणि बराच वेळ आतच राहिले. त्यांच्या मागचा माणूस मत देऊन गेलासुद्धा. अखेर बाहेर आले, घडी पेटीत टाकली, पेटीच्या फटीत वाकून पाहिलं, आणि परत टेबलाशी जाऊन उभे राहिले. उजव्या हाताची तर्जनी पुढे करून.

बाईंना कळेना. मला कळलं. साताऱ्याला मी पहिल्यांदा मत दिलं तेव्हा माझ्याही बोटाला शाई लावली होती. मी त्यांच्या खांद्याला हात लावला. "कॅप्टन, इथे शाई लावत नाहीत."

"नाही लावत?"

"नाही."

बाहेर आल्यावर ते फाटकाशी उभे राहून त्या बोटाकडे बघत होते. "आज नानाय वाट बघत बसली असेल," ते म्हणाले. नानाय म्हणजे आई. त्यांची आई ऐंशीच्या घरात, बुलावानमध्ये मुलीजवळ राहायची. मतदानाच्या दिवशी तिचा घरात एक नियम होता. आधी शाईचं बोट दाखवायचं, मग ताटावर बसायचं. कॅप्टन स्वतः निवडणुकीला उभे होते, तेव्हाही तिने त्यांचं बोट बघितल्याशिवाय भात वाढला नव्हता. त्या दिवशी तिकडे संध्याकाळ झालेली. बहीण तिला कॅमेऱ्यासमोर बसवणार होती.

"मी काय दाखवू तिला?"

डोरीनला सगळं दोनदा सांगावं लागलं. मग तिने पर्स उघडली. मत देऊन ती तशीच बिंगोला निघाली होती, आणि पर्समध्ये बिंगोच्या आकड्यांवर ठिपके मारायचं जाडं शाईपेन होतं. जांभळं.

"आण बघू इकडे हात," ती म्हणाली. तिने कॅप्टनचं बोट धरलं, जीभ दातांत दाबून नखाच्या मुळाशी ठिपका उठवला, मग फिका वाटला म्हणून आणखी एक. "निघणार नाही लवकर. माझ्या चांगल्या ब्लाउजवरून नाही निघाला."

कॅप्टन घरापर्यंत बोट वर धरून चालत राहिले, वाळावं म्हणून.

त्यांनी मला आत बोलावलं. लूझ रात्रपाळी करून उठली होती, भात लावत होती. पुढच्या खोलीत ते कंप्युटरशी खटपट करत असताना ती मला हलक्या आवाजात म्हणाली, "पहिल्या हिवाळ्यात तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून त्या खोलीत बसायचा. दाराची कडी काढून. तिकडे पहाटे पाचपासून लोक दार वाजवायचे ना. इथे यायचा तो फक्त पोस्टमन."

मी काही म्हणणार, तोच तिकडून आवाज आला. पडद्यावर एक सुरकुतलेला चेहरा होता, कॅमेऱ्याच्या फार जवळ. कॅप्टननी बोट पुढे केलं. म्हातारी आणखी पुढे आली. पडद्यावर आता नुसता एक डोळा दिसत होता. तिने बराच वेळ तपासलं. मग मागे सरकून काहीतरी बोलली, आणि तिकडे कुणीतरी तिच्यापुढे ताट ठेवलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

कॅप्टननी डोळे पुसले, डाव्या हाताने. "म्हणाली, भूक लागली होती. आता दोघंही जेवू."

लूझने वाफाळता भात आणि तळलेली सुकी मासळी आणली. तिने मलाही एक ताट दिलं, आणि माझ्या बोटाला शाई आहे का, हे कुणी पाहिलं नाही.