आदर्श डब्यातली खालची जागा

शिआनहून शांघायला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत तान वेनचिंगने खालचा बर्थ घेतला होता. कारण शास्त्रीय होते. तिच्या उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर होते, आणि प्लास्टरमधला पाय शिडी चढत नाही. सकाळी शांघायच्या अलीकडे वूशीला उतरून तिला चिप बनवणाऱ्या एका कंपनीत मुलाखत द्यायची होती. पदार्थविज्ञानाची पदवी घेतल्यापासून चालून आलेली ही पहिलीच बरी संधी होती.

शहराचा तट मागे पडतो न पडतो तोच फेंग आजोबा समोर उभे राहिले. वय सदुसष्ट, रोज संध्याकाळी चौकात तासभर नाचणारे.

"पोरी, माझी जागा पार वर आहे."

"आजोबा, माझा पाय मोडलाय."

"मोडलेला जुळतो गं. माझं वय मागे जाणार आहे का?"

या युक्तिवादात खोट काढता येत नव्हती. आजूबाजूच्यांनी सूर्यफुलाच्या बिया सोलत माना डोलावल्या. तेवढ्यात डब्याची व्यवस्था पाहणाऱ्या हौ बाई आल्या. डब्याच्या दारावर लाल फलक होता : 'ज्येष्ठांचा सन्मान, आदर्श डबा'. डब्याडब्यांच्या स्पर्धेत हा मान राखायचा तर एकाही ज्येष्ठाची तक्रार येऊन चालणार नव्हती.

"नियमानं जागा तुझीच आहे," हौ बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "आणि नियम आम्ही कधीच मोडत नाही. म्हणून तर ती तू स्वखुशीनं द्यायचीस."

"मी नाही दिली तर?"

"मग तुझी खुशी व्हायची आम्ही वाट बघू. सगळेच इथे बसून."

सगळे खरोखरच बसले. थोड्याच वेळात वेनचिंगला खुशी झाली. मग तिला वर चढवायला अख्खा डबा धावला. कुणी खांदा दिला, कुणी पाय धरला, आणि सगळ्यात वरच्या बर्थवर तिला गादीसारखे सरकवण्यात आले. कुबड्या खालीच राहिल्या. वर त्यांना जागा नव्हती.

फेंग आजोबांनी बूट काढले, तोच शेजारच्या कप्प्यातून चिउ आजी आल्या. वय चौऱ्याहत्तर.

"उठा, भाऊ."

"का म्हणून? तिकीट दाखवा आधी."

"तिकीट तर तुमचंही नाही. ओळखपत्र काढा. जन्मसाल बघू."

जन्मसालाने निकाल दिला. फेंग आजोबा आजकाल माणुसकी उरली नसल्याचे सांगत आजींच्या मधल्या जागेवर गेले. आजींची पाठ टेकते न टेकते तोच हौ बाई पुढच्या डब्यातून एक्क्याऐंशी वर्षांच्या दिंग आजोबांना घेऊन आल्या. स्पर्धेच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होता.

"अहो, मी मधल्या जागेवर सुखात झोपलो होतो," दिंग आजोबा म्हणाले.

"तुमचा सन्मान होतोय. झोपेचं नंतर बघू."

सन्मान झाला, आणि चिउ आजी त्यांच्या रिकाम्या जागेवर गेल्या. खालची जागा ही तर सर्वांची बैठक. दिंग आजोबांच्या पायाशी चौघे टेकले, चहाचे थर्मास उघडले आणि तरुण पिढी कशी स्वार्थी झाली आहे, यावर चर्चा रंगली. दिवे मालवल्यावर ती अंधारात रंगली.

सकाळी वूशी आले.

"काकू, मला खाली उतरवा," वेनचिंगने वरून हाक दिली.

"एक मिनिट हं," हौ बाई म्हणाल्या. "सन्मानाचा फोटो राहिलाय. आणि तू हलू नकोस, तूही येतेयस त्यात."

काल चढवणारे सगळे हात आता लाल फलक धरून उभे होते. दिंग आजोबांना मधोमध बसवले होते. त्यांना जांभई आवरेना, म्हणून फोटो पुन्हा पुन्हा घ्यावा लागला. शेवटचा छान आला, आणि वूशीचा फलाट खिडकीतून मागे सरकू लागला.

दुपारी शांघायच्या फलाटावरून वेनचिंगने कंपनीत फोन लावला आणि वरच्या बर्थवर अडकल्याचे सांगितले. तिकडच्या बाईंचा आवाज भरून आला होता.

"अगं, तूच का ती? पाहिला आम्ही फोटो. आमच्या साहेबांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना पाठवला. असे संस्कार हवेत, म्हणाले."

"मग मुलाखत उद्या देता येईल का?"

"ती जागा भरली गं. वेळेवर आला होता एक जण."

तो फोटो पुढे फार दूरवर फिरला. तुमच्याही घरच्या ग्रुपवर आला असेल. मोडक्या पायाने वर चढलेल्या त्या गुणी मुलीसाठी तुम्ही हात जोडलेले चिन्ह टाकले असेल, मुलांना दाखवून दोन शब्द सुनावलेही असतील. ती खाली कशी उतरली, असे तुमच्या ग्रुपवर कुणी विचारले होते का?