पहिल्या रांगेतली मधली खुर्ची

विनोद अजून ताईंच्या तोंडातच होता, तेवढ्यात मिस्त्रीने ड्रमवर दोन ठोके मारले आणि वर झांजही वाजवून टाकली.

"अहो मिस्त्री, लोकांना आधी हसू तर द्या!" ताई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या.

"मला वाटलं झाला विनोद. तुम्ही श्वास घेतलात ना."

"म्हणजे आता श्वासही घ्यायचा नाही का मी?"

"घ्या की. पण आधी सांगून घ्या," मिस्त्री म्हणाला आणि पुढच्या ठोक्यासाठी काठ्या उचलून तयार बसला.

ताई लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत तक्रारींचे फोन घेत. ऑफिसात लहानथोर सगळे त्यांना ताईच म्हणत, म्हणून आपणही तसंच म्हणू. कुठे लिफ्ट बंद पडली की आत अडकलेला माणूस घाबरून फोन करायचा, आणि मिस्त्री पोहोचेपर्यंत त्याला बोलतं ठेवणं हे ताईंचं काम. त्या घरच्या गमती सांगत, नकला करत. एकदा तर दार उघडलं तरी आतले आजोबा बाहेर यायला तयार होईनात. "थांब रे, बाईंच्या नवऱ्याचं पुढे काय झालं ते ऐकू दे," असं त्यांनी मिस्त्रीला सुनावलं. त्या दिवसापासून ताईंच्या डोक्यात खूळ शिरलं, की आपण एकपात्री प्रयोग करायचा. नुसता नाही, चांगला वाद्यांसकट करायचा.

वादक घरबसल्या मिळाले. ड्रमला कंपनीचाच मिस्त्री. ट्रम्पेटला शेजारचे दातांचे डॉक्टर. दवाखान्यात ते वाजवायला लागले की पेशंट उठून जात, म्हणून त्यांना जागा हवीच होती. व्हायोलिनला नवऱ्याची आत्या, जिने अर्ध्या गावाला व्हायोलिन शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला रडवलं होतं.

आणि विषय? घरची खाण सोडून विनोद शोधायला बाहेर कोण जातो! ताईंचे यजमान दुकानांतले वजनकाटे तपासणारे अधिकारी. लोक त्यांना काटेसाहेब म्हणत. माणूस सज्जन, पण घरीसुद्धा काट्यासारखाच सरळ. पावाचे दोन तुकडे केले तरी दोन्ही डोळ्यांसमोर धरून बघणार. ताईंनी त्यांच्यावर तासाभराचा खेळ रचला होता, आणि ही गोष्ट जगात फक्त काटेसाहेबांना ठाऊक नव्हती. त्यांना सांगितलं होतं, की प्रयोग लिफ्टवर आहे.

"सांगूच नकोस सूनबाई," आत्या म्हणत. "लहानपणी शाळेत कोणी त्याला हसलं की दोन दिवस जेवायचा नाही. बाहेरून दगड, आतून लोणी."

ताईंनाही तीच धास्ती होती. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, की ह्यांना एवढंसं जरी लागलं तरी खेळ गुंडाळायचा. नवरा एकच आहे, आणि हौस म्हणून त्याला लोकांपुढे मांडून दुखवणं काही बरं नाही.

तूर्त प्रश्न मिस्त्रीचा होता. तो बोलण्याकडे लक्ष ठेवू शकत नसे, कारण ड्रमच्या आवाजाने कान जाऊ नयेत म्हणून तो कानात कापसाचे बोळे घालून वाजवी. डॉक्टर गाल फुगवण्यात गुंग. आत्यांना विनोद कळत, पण आवडत नसत. तेव्हा ताईंनी शक्कल काढली. बोलणं ऐकूच नका, हात बघा. खेळात त्या काटेसाहेब होऊन वावरतच होत्या, मग त्यांच्याच लकबींचे इशारे केले. करंगळीने चष्मा वर सरकवला की ड्रम. किल्ली सापडत नसल्यासारखे सगळे खिसे चाचपले की ट्रम्पेट. मुठीत खाकरलं की व्हायोलिन. एकदा सुरू झालं की मागे हळू वाजवतच ठेवायचं. आणि दोन्ही हात डोक्यामागे घेऊन पाय लांब केले, की सगळ्यांनी चूप.

ही युक्ती झकास जमली. साहेब कामावर गेले की दिवाणखान्यात वादक सोफ्यावर बसत, समोर ताई. करंगळी हलली की धडाम. सरावाने तिघे इतके तयार झाले, की समोर कोणी खिसा चाचपला तरी डॉक्टरांचे गाल आपोआप फुगत.

गावातल्या छोट्या नाट्यगृहात शनिवारची संध्याकाळ रिकामी होती. तिथले मॅनेजर मोठे कडक.

"एक प्रयोग करून दाखवा. लोक हसले तर दर शनिवार तुमचा. नाही हसले तर जादूगार ससा घेऊन तयार बसलाय. आणि एकपात्री म्हणजे एकपात्री हं! मागचे एक एकपात्रीवाले आले, तर शेवटी सात जण नमस्काराला उभे."

ताईंनी मुद्दाम काटेसाहेबांच्या दौऱ्याचा दिवस निवडला. म्हटलं, शनिवार पदरात पडला की मग सावकाश, त्यांचा मूड बघून सांगू.

प्रयोगाच्या संध्याकाळी पडद्यामागे पोहोचल्यावर पहिला घोळ लक्षात आला. रंगमंच एवढा अरुंद, की ड्रम ठेवायला जागा फक्त ताईंच्या पाठीमागे. समोरून दिव्यांचा झोत ताईंच्या अंगावर आणि पहिल्या रांगेवर.

"वहिनी," मागून डॉक्टर म्हणाले, "तुमची पाठ तेवढी दिसते. हात कुठे आहेत तुमचे?"

"पुढे आहेत हो!"

"पुढचं काही दिसत नाही. म्हणजे तुमचं दिसत नाही. पहिली रांग मात्र लख्ख दिसतेय."

तेवढ्यात शेवटची घंटा झाली आणि अर्धा उघडा पडदा पूर्ण सरकला. ताईंनी हसून समोर पाहिलं, आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. पहिल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीत, काटेसाहेब बसले होते. दौरा लवकर आटोपून बायकोला चकित करायला आले होते, आणि मॅनेजरने "अरे वा, कलाकारांचे यजमान!" म्हणून त्यांना मानाच्या जागी नेऊन बसवलं होतं.

ताईंनी एका क्षणात निर्णय घेतला. नवऱ्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, नुसतं लिफ्टवर बोलायचं. संगीत गेलं खड्ड्यात.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. "परवा एका इमारतीत लिफ्ट बंद पडली..."

इकडे काटेसाहेबांना वाटलं, आपला फोन बंद आहे ना? त्यांनी वरचा खिसा चाचपला. मग खालचा. मग कोटाचे दोन्ही.

"पोंऽऽऽ!" डॉक्टरांनी ट्रम्पेट सोडला.

काटेसाहेब दचकले. चष्मा नाकावरून घसरला. त्यांनी तो करंगळीने वर सरकवला.

धडाम! धडाम! झांऽऽ!

सगळं नाट्यगृह त्यांच्याकडे बघायला लागलं. काटेसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या; त्यांनी मूठ तोंडापाशी नेली आणि हळूच खाकरले. लगेच आत्यांचं व्हायोलिन असं काही रडायला लागलं, की मागच्या रांगेत एका बाईंनी हसता हसता डोळे पुसले.

"ताईंनी काय डोकं लढवलंय!" मागे मिस्त्री डॉक्टरांच्या कानात ओरडत होता. कानात बोळे असल्यामुळे ते ताईंनाही ऐकू आलं. "पाठीमुळे आपल्याला दिसणार नाही, म्हणून साहेबांनाच बसवलंय इशारे द्यायला!"

 लिफ्टमध्ये अडकलेली माणसं त्यांनी शेकड्यांनी सोडवली होती, पण पहिल्या रांगेत अडकलेला नवरा हा प्रकार नवीन होता. बरं, संकोचलेल्या माणसाचं असं असतं, की तो आपल्या लकबींनाच जास्त घट्ट धरतो. काटेसाहेब चष्मा सावरत, ड्रम वाजे. ड्रम वाजला की घसा कोरडा पडून ते खाकरत, की व्हायोलिन. व्हायोलिनवर लोक हसले की निघून जावं म्हणून ते गाडीची किल्ली शोधत, की ट्रम्पेट. लोकांना तिसऱ्या फेरीत गोम कळली आणि मग तर हसण्याला धरबंदच राहिला नाही. कोणीतरी ओरडलं, "साहेब, पुन्हा एकदा चष्मा!" दाराशी कडक मॅनेजर हसून हसून दाराच्या पडद्याला धरून खाली बसले होते.

हळूहळू डॉक्टरांचा चेहरा बीटासारखा झाला. आत्यांच्या व्हायोलिनच्या गजाचे केस तुटून लोंबायला लागले. पण थांबायचं कसं? थांबण्याचा इशारा होता हात डोक्यामागे घेऊन निवांत पाय पसरण्याचा, आणि तसा निवांतपणा त्या वेळी काटेसाहेबांच्या आसपासही नव्हता. ताईंनी स्वतः हात डोक्यामागे नेऊन पाहिले, पण वादकांचे डोळे साहेबांवर खिळले होते, पाठमोऱ्या ताईंकडे कोण बघतो!

ताईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. बिचारे खुर्चीच्या कडेला बसले होते, शाळेतल्या त्या पोरासारखे.  त्या रंगमंचाच्या अगदी कडेला आल्या, खाली बसल्या, आणि फोनवर बोलायचा तो आवाज त्यांच्या तोंडून आपोआप आला.

"साहेब, घाबरू नका. तुम्ही एकटे नाही, मी आहे इथेच. सगळं ठीक होणार आहे. मोठा श्वास घ्या. मागे टेका. हात वर घ्या. पाय सैल सोडा."

काटेसाहेबांनी आज्ञाधारकपणे श्वास घेतला. मागे टेकले. सवयीने दोन्ही हात डोक्यामागे गेले, पाय लांब झाले आणि बूट खटकन रंगमंचाच्या फळीवर आदळले.

तिन्ही वाद्यं एकदम गप्प झाली. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की सशाच्या पिंजऱ्यावर मॅनेजरला चादर टाकावी लागली.

मेकअपच्या खोलीत मॅनेजर डोळे पुसतच आले. "दर शनिवार तुमचा! पण ते पहिल्या रांगेतले गृहस्थ हवेतच. त्यांच्याशिवाय मजा नाही."

 ताईंचं लक्ष दाराकडे होतं. काटेसाहेब आत आले आणि चहाचा कप घेऊन खुर्चीवर बसले.

"छान बोललीस," ते गंभीरपणे म्हणाले. "फक्त तुझ्या वादकांचं काहीतरी बिघडलंय. मधेच वाजवत होते. मी त्यांना खाकरून खुणावलंसुद्धा, तर जास्तच वाजवायला लागले."

मिस्त्री, डॉक्टर आणि आत्या एकमेकांवर खेकसत होते, की गडबड कोणाची. काटेसाहेबांनी कप खाली ठेवला, हात डोक्यामागे घेतले, पाय लांब केले.

तिघांची तोंडं अर्ध्या शब्दावर बंद झाली.

काटेसाहेबांनी एक भुवई वर केली. चष्मा वर सरकवला. मिस्त्रीचा हात मेकअपच्या पत्र्याच्या डब्यावर आपटला. काटेसाहेब थांबले. दुकानातला काटा ते एकदा तपासून कधीच सोडत नसत, पुन्हा वजन ठेवून बघत. त्यांनी खिसे चाचपले. डॉक्टरांचे गाल फुगले. मग मूठ तोंडाशी नेली, आणि आत्यांचा हात नसलेलं व्हायोलिन हनुवटीखाली धरायला वर आला.

 काटेसाहेब बायकोकडे वळले.

"खेळ लिफ्टवर नव्हता तर."

"नव्हता," ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुमच्यावर होता. अहो, लागलं का हो तुम्हाला? लागलं असेल तर बंद करते. आत्ताच्या आत्ता. जादूगार येऊ दे."

"लागलं," काटेसाहेब म्हणाले.

मॅनेजर मुकाट्याने दाराकडे वळले. आत्यांनी पदर तोंडाला लावला.

काटेसाहेबांनी वाकून उजवा बूट काढला आणि पायाचा अंगठा चोळायला घेतला.

"त्या मधल्या खुर्चीपुढे जागाच नाही. पाय लांब केले की फळीवर आपटतात," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारपासून मला कोपऱ्यातली खुर्ची द्या."

आणि मग, मिस्त्रीकडे तिरप्या डोळ्याने बघत, त्यांनी अगदी सावकाश करंगळी चष्म्याकडे नेली.