रसायन एक : सूट मंजूर

"रंग कुठे पक्का बसतो, कुठे कच्चा राहतो, का, ते मला उभ्या जन्मात कळलं नाही, पोरी. तू शीक आणि मला सांग." उकळत्या रंगावर वाकलेल्या बापाचा हा आवाज रंगाऱ्याच्या मुलीच्या कानात लहानपणापासून घुमत होता. म्हणून ती महाविद्यालयात आली. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्गात बसायचं, एवढीच तिची मागणी होती. आणि ती नियमात बसणारी होती.

तथापि, पूर्वज्ञान चाचणी अनिवार्य होती. जे येतं, त्याचे श्रेयांक आधीच द्यायचे आणि त्या वर्गातून सूट द्यायची, असं संस्थेचं उदार धोरण. वीस प्रश्न निघाले, त्यांतले सोळा नेमके तुरटी, चुना नि साबणावर. जिचे हात कोपरापर्यंत आज निळे तर उद्या लाल, तिचं उत्तर चुकणार कसं? दुसऱ्या दिवशी फलकावर निकाल झळकला : 'रसायन एक : येते. सूट मंजूर.'

ती धावत कार्यालयाच्या खिडकीशी गेली. "काका, काय होतं ते मला ठाऊक आहे. का होतं, ते नाही हो!"

"'का'साठी आमच्या तक्त्यात रकाना नाही," लिपिक म्हणाले. "हरकत असेल तर अर्ज करा."

तिने अर्ज केला. तो इतका नेटका उतरला की भाषा विभागाने दोन्ही वर्षांची सूट दिली. ती नियम सात, पोटनियम तीन दाखवून भांडली. कायद्याचे श्रेयांक जमा. वर जा म्हणाले, वर गेली. खाली जा म्हणाले, खाली आली. नवव्या फेरीला शारीरिक शिक्षण पूर्ण. शेवटी तिने जिन्यातच भोकाड पसरलं. नाट्यविभागाचे प्रमुख तिथूनच चालले होते. त्यांनी डोळे पुसले, तिचे नव्हे, स्वतःचे. आणि वहीत लिहिलं : 'विशेष प्रावीण्य.'

"आता मी तोंडच उघडत नाही," ती म्हणाली, आणि गप्प बसली.

तत्त्वज्ञान सुटलं.

पाचव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी, तिची पदवी पूर्ण झाली. ग्रंथालयाने कार्ड काढून घेतलं. त्यावर एकही पुस्तक चढलं नव्हतं, तेव्हा 'एकही पुस्तक न हरवणारी विद्यार्थिनी' म्हणून तिचा सत्कार झाला.

"कमाल केलीत!" प्राचार्य म्हणाले. ते स्वतः नामांकित रसायनतज्ज्ञ; दारावरच्या पाटीवर पदव्यांना जागा पुरत नव्हती. "बोला, काय हवंय?"

"रसायन एकच्या वर्गात बसायचंय, सर."

प्राचार्य गंभीर झाले. "बसता येणार नाही. पदवीधराला तिथे उभंच राहावं लागतं. शिकवायची जागा मात्र रिकामी आहे."

सोमवारी ती फळ्यापाशी उभी राहिली. समोर चाळीस मुलं, चाचणीत नापास व्हायचं भाग्य लाभलेली. मागच्या बाकावर पाहणीसाठी प्राचार्य.

पहिल्याच बाकावरून हात वर आला. "मॅडम, तुरटीने रंग पक्का का होतो?"

"मला माहीत नाही गं. तेच शिकायला आले होते." तिने खडू पुढे केला. "सर, विषय तुमचा. तुम्ही सांगा ना."

वर्गाने माना वळवल्या. प्राचार्य उठले. फळ्याकडे न जाता ते दाराकडे गेले, बाहेर डावं-उजवं पाहिलं, दार लोटलं, कडी घातली. तीस वर्षं घशात अडकलेलं वाक्य मग हळूच बाहेर आलं.

"मलाही सूटच मिळाली होती. ज्यांनी दिली, त्यांनाही. पण बाहेर बोलू नका, बाई. गोळ्या लिहून देणारे, पूल बांधणारे, आणि असल्या गोष्टी वाचून 'अगदी बरोबर!' म्हणत मान डोलावणारे, सगळे आपल्याच इथून पास झालेत."