आतसून रंगवलेली टॅक्सी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या घाडीकाकांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. आणि हा माणूस दर शनिवारी माझ्याकडे हेअर ड्रायर मागायला येतो.

मुलुंडला तळमजल्यावर माझं घरगुती पार्लर आहे. खुर्चीत कोणीतरी ओल्या केसांनी बसलेली, आणि दारात काका. "सुषमा, माका ड्रायर व्हयो." पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीतली बाई इतकी हसली, की तिच्या तोंडावरचा फेसपॅक तडकला. मी विचारलं, "काका, तुम्हाला कशाला?" तर म्हणे, "गाडी सुकवची हा." म्हटलं झालं, म्हातारा गेला कामातून!

तसं काही नव्हतं. कांजूरमार्गच्या एका कारखान्यात काकांनी जन्मभर पंखे रंगवले. रिटायर झाले, काकू गेल्या, घरात एकटेच उरले. आता रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांच्या बॉड्या रंगवतात. खेळणी म्हणायचं नाही हं. मी एकदा म्हटलं, तर दोन दिवस जिन्यात ओळख दाखवली नाही. अंधेरी-बोरिवलीहून चांगले टाय लावलेले बाप्ये या गाड्या घेऊन येतात आणि काकांसमोर शाळेत उभं राहावं तसे उभे राहतात.

बॉडी म्हणजे काचेसारखं पारदर्शक, पातळ प्लास्टिकचं टरफल. तिला रंग बाहेरून नाही, आतून द्यायचा. पेनाएवढा एअरब्रश, त्याला नळी, पलीकडे घुरघुरणारा कॉम्प्रेसर. पाण्यातला रंग, त्याचा अगदी पातळ हात मारायचा, मग माझा ड्रायर, मग दुसरा हात. आणि सगळं उलटं! जो हात पहिला मारला तोच बाहेरून दिसणार. चुकलं तर वरून दुसरा रंग फासून लपवायची सोयच नाही. बाहेरच्या बाजूला एक फिल्म चिकटलेली असते, ओरखडे पडू नयेत म्हणून. ती अगदी शेवटी सोलायची. काकांचा नियम असा, की ज्याची गाडी त्यानेच, स्वतःच्या नखाने. अंधेरीच्या एका साहेबाने घरीच हौसेने बाहेरून रंग मारला आणि पहिल्याच शर्यतीत तो खरवडून निघाला. काका त्याच्याकडे असे बघत होते, की तो बिचारा बूट न घालताच जिना उतरला.

"आतसून गो, आतसून!" हे त्यांचं पालुपद. सोसायटीच्या भिंतीला ओल आली, "आतसून बघा." वांगी निवडताना भाजीवालीला, "आतसून सांग." माझ्या गिऱ्हाइकाचं फेशियल चालू असताना दारातून म्हणाले, "भायरसून चोपडून काय होतला? आतसून!" ती बाई पुन्हा आली नाही.

श्रावण लागला, की मात्र बाहेरची कामं बंद. मग काका फक्त एक गाडी करतात. जुन्या धाटणीची काळीपिवळी टॅक्सी.

त्यांचा धाकटा भाऊ बाबू घाटकोपरला टॅक्सी चालवायचा. दर गणपतीआधी काका स्वतःच्या हाताने ती रंगवून द्यायचे. मग टॅक्सीचं वय संपलं आणि बाबूने ती भंगारात दिली. काकांना न सांगता. "एका शब्दान इचारल्यान नाय माका!" एवढ्यावरून अबोला. सहा वर्षं! घाडी भावांचा गणपती एकच, तो बाबूच्या घरी बसतो. म्हणजे सहा वर्षं काकांना घरचा गणपती नाही. दरवर्षी ते बाबूला द्यायला म्हणून टॅक्सी करतात, आणि दरवर्षी आदल्या दिवशी तिच्यात खोट काढतात. कधी पिवळा लिंबासारखा झाला, कधी छप्पर जमलं नाही. गाडी जाते कपाटात. एकदा त्यांनी कपाट उघडलं तेव्हा बघितल्या मी, सहा टॅक्स्या ओळीने, सगळ्यांवर फिल्म तशीच. मला राग आला आणि रडूही आलं. मुलुंडहून घाटकोपर असं किती लांब आहे हो?

यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी पार्लरात ही गर्दी, आणि ड्रायर वर काकांकडे. तणतणत वर गेले मी. दार उघडं, काका आंघोळीला. पेपरवर सातवी टॅक्सी तयार होऊन बसलेली. काचांवर रंग जाऊ नये म्हणून आतून लावलेली टेपसुद्धा काढलेली. काय झळकत होती! आणि पुढच्या काचेच्या आत, डाव्या कोपऱ्यात, पिवळ्या रंगाचा एवढासा ठिपका.

म्हटलं, हा ठिपका म्हाताऱ्याला दिसला, की हीसुद्धा चालली कपाटात. माझ्या अॅप्रनच्या खिशात नेलपॉलिश रिमूव्हर असतोच. कापसावर घेतला आणि सफाईने पुसलं. दिवसातून वीस नखं पुसणारा हात, त्याला काय शिकवायचं?

ठिपका गेला. पण त्या जागी ती प्लास्टिकची काच दुधासारखी पांढरी झाली, आणि बघता बघता तिच्यात बारीक तडे गेले. वाट लागली!

काका टॉवेल गुंडाळून बाहेर आले. "ह्यां काय केलंस गो?"

"काका, तो ठिपका... मला वाटलं..." मी चक्क रडायला लागले.

त्यांनी गाडी उचलून खिडकीशी धरली. मला वाटलं, आता जन्माचा अबोला, बाबूनंतर माझा नंबर. बराच वेळ बघून म्हणाले, "बाबूच्या टॅक्सीची काच डाव्या बाजूक अशीच होती. कोणीतरी दगड मारलेलो. मी दरवर्षी सांगी, काच बदल रे. तो म्हणा, दादा, गाडी चालता ना?" मग खाली बसले. "सहा वर्षां मी नवी टॅक्सी करीत रवलंय, सुषमा. बाबूकडे नवी कधी होती?"

दुसऱ्या दिवशी पार्लर बंद ठेवून मी त्यांच्यासोबत गेले. एकट्याने जायचा धीरच होईना त्यांना. रिक्षात मांडीवर खोका, आणि भांडुपला एकदा, विक्रोळीला एकदा म्हणाले, "परत जाऊया गो." मी म्हटलं, "गप बसा काका."

दार बाबूनेच उघडलं. भावाच्या उलट, डोक्यावर भरगच्च पांढरे केस. काकांनी खोका पुढे केला. "फिल्म काढ."

बाबूने उंबऱ्यातच बसून नखाने फिल्म सोलली. छप्पर, दारं, मग पुढची काच. तिथे त्याचं बोट थांबलं. त्या तड्यांवरून ते त्याने दोनदा फिरवलं.

"दादा," तो म्हणाला, "गाडी चालता ना?"

"चालता."

"मगे हातपाय धू. आरती खोळंबली हा."

काका मोरीत गेले. हातपाय धुतले, तोंड धुतलं, डोक्यावरूनही पाणी घेतलं असावं. आत टाळ वाजायला लागले तरी ते मोरीच्या दारात पाठमोरे उभे राहून टॉवेलने डोकं पुसतच होते, तोंड पुसतच होते. एकही केस नसलेलं डोकं! त्या दिवशी मात्र मी ड्रायर आणायला हवा होता.