करवंदीची शून्य गळती

एका जंगलात, मुलांनो, एक सरकारी कॉलेज होतं. हसू नका. जंगलात सिंह राज्य करतो हे तुम्ही न हसता ऐकता, मग कॉलेज असायला काय हरकत आहे?

कॉलेजचे प्राचार्य एक गवा होते. अंगानं भारदस्त, स्वभावानं भित्रे. वाघाला भीत नव्हते, कागदाला भीत होते. वरून एखादा कागद आला की त्यांना घाम फुटायचा, आणि त्याचं उत्तर रवाना होईपर्यंत रवंथ जमायचं नाही.

या कॉलेजात एक खिडकी होती. खिडकीवर पाटी नव्हती, कारण पाटीचा प्रस्ताव मंजूर व्हायचा होता. तिथे साळिंदरबाई बसायच्या. प्रवेशाचे अर्ज घेणं एवढंच त्यांचं काम. पण अर्ज घेता घेता त्या भरूनही द्यायच्या. कुणाकडे लिहायला काही नसलं तर पाठीवरचा एक काटा उपसून त्याच्या हातात ठेवायच्या. एका वानराला रहिवासाचा दाखला मिळेना, कारण तो रोज वेगळ्या झाडावर झोपायचा. बाईंनी त्याला सातही झाडांवरच्या शेजाऱ्यांच्या सह्या आणायला लावल्या. दाखला मिळाला.

कुणी वर्गात यायचं बंद झालं की बाई त्याच्या घरी जायच्या. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नको असंही कुणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी करवंदी नावाची हरिणी यायची थांबली. पहिल्या वर्षाला होती, गणितात बरी होती. डोंगराच्या या बाजूचं गवत संपलं, कळप पलीकडे गेला, तीही गेली. बाई दोन दिवस चालून तिच्या आईकडे पोचल्या.

"शिकून ती काय जास्त जोरात पळणार आहे?" आई म्हणाली.

"पळायचं कशापासून आणि कुठे, ते कळेल तिला," बाई म्हणाल्या.

आईनं थोडा वेळ विचार केला आणि मुलीला पाठवलं. बाईंनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत तिच्या राहण्याची सोय केली. झालं. गोष्ट खरं तर इथे संपायला हवी होती. पण तेवढ्यात वरून कागद आला.

राजाच्या दरबारातून मूल्यमापन समिती येणार होती. कॉलेज कसं आहे, प्रवेश कसे होतात, विद्यार्थ्यांना मदत मिळते का, किती जण मध्येच सोडून जातात, हे ती तपासणार होती. 'अ' दर्जा मिळाला तर सत्कार. 'ड' मिळाला तर कॉलेज बंद, आणि इमारत तरसांच्या गोदामाला.

प्राचार्यांनी खारमॅडमना समन्वयक नेमलं. खारमॅडमना वस्तू साठवायची उपजत आवड होती. आठवड्याभरात त्यांनी बेचाळीस फायली साठवल्या.

"बाई, तुम्ही त्या हरिणीला घरून परत आणलंत ना?" त्या खिडकीपाशी येऊन म्हणाल्या. "पुरावा द्या."

"ती बघा, वर्गात बसली आहे."

"ती पुरावा नाही, ती विद्यार्थिनी आहे. फोटो द्या. त्यावर तारीख, वेळ आणि ठिकाण हवं."

"फोटो नाही काढला. दोघी चालत होतो."

खारमॅडम प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्यांना घाम फुटला. मग दोघांनी मिळून मार्ग काढला. करवंदीनं पुन्हा जायचं. फार लांब नाही, ओढ्यापलीकडे. बाईंनी तिला पुन्हा आणायचं. खारमॅडम मोबाइलवर फोटो काढणार.

"गेलेली नसताना कशी आणू?" बाईंनी विचारलं.

"म्हणून तर आधी पाठवतोय," प्राचार्य समजुतीच्या सुरात म्हणाले.

बाईंना ते पटलं नाही. पण कॉलेज बंद पडलं तर करवंदीसकट सगळेच घरी जातील, हेही त्यांना दिसत होतं. त्या गप्प बसल्या. पुढे पुष्कळ दिवस त्यांना या गप्प बसण्याचा राग येत राहिला.

सकाळी करवंदी ओढ्यापलीकडे जाऊन उभी राहिली. चेहरा उदास ठेवायला सांगितलं होतं, तोही ठेवला. खारमॅडमनी मोबाइल उघडला तर चार्जिंग संपलेलं.

"इथेच थांब, मी आले," म्हणून त्या गेल्या. वाटेत त्यांना त्रेचाळिसावी फाईल आठवली. बाई खिडकीत निरोपाची वाट बघत बसल्या, कारण बोलावल्याशिवाय जागा सोडू नये असा त्या आठवड्यात आदेश होता.

करवंदी संध्याकाळपर्यंत उभी राहिली. डोंगराच्या या बाजूला आलेला तिचा मामा पाणी प्यायला ओढ्यावर आला.

"काय गं, हाकललं का तुला?"

"नाही. मला परत न्यायला येणार आहेत."

"कुठून परत?"

मामा तिला घरी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी बाईंना कळलं. समिती तीन दिवसांवर आली होती. रजेचा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर ठेवून बाई निघाल्या. प्राचार्य ओरडायला लागले तोवर त्या ओढा ओलांडून गेल्या होत्या.

चौथ्या दिवशी समिती आली. तीन बगळे. पांढरेशुभ्र, एका पायावर उभं राहून विचार करणारे. स्वागताला पहिल्या वर्षाचे मासे तळ्यात रांगेनं उभे केले होते. जेवणानंतर रांग जरा आखूड दिसली. पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, कारण अध्यक्ष खूश दिसत होते.

"गळती किती?" अध्यक्षांनी तृप्त आवाजात विचारलं.

"शून्य," खारमॅडम म्हणाल्या.

ते खोटं नव्हतं. जे येत नव्हते त्यांची नावं त्यांनी हजेरीपटातून आदल्या दिवशीच काढली होती. नऊ नावं. नववं करवंदीचं. माशांची त्यांनी जेवणानंतर लगेच काढली. जो आलाच नव्हता तो सोडून कसा जाईल?

मग समिती खिडकीपाशी आली. खिडकी रिकामी. समोर एकही विद्यार्थी नाही, कारण बाई नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं.

बगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"रांग नाही," पहिला म्हणाला.

"तक्रारही नाही," दुसरा म्हणाला.

"विद्यार्थ्यांना कसलीही अडचण उरलेली नाही," अध्यक्षांनी लिहून घेतलं. "अशी खिडकी आम्ही आजवर पाहिली नव्हती."

विद्यार्थी-साहाय्याचे पैकीच्या पैकी गुण मिळाले. कॉलेजला 'अ' दर्जा मिळाला. प्राचार्यांनी त्या दिवशी पोटभर रवंथ केलं.

तिकडे डोंगरापलीकडे करवंदीची आई बाईंशी धड बोलायलाही तयार नव्हती.

"मागे आलात तेव्हा म्हणालात, पळायचं कुठे ते हिला कळेल. मग दिवसभर तिला ओढ्यावर एकटीला का उभं केलं?"

"फोटोसाठी."

"निघाला का?"

"नाही."

बाईंनी सबब सांगितली नाही. म्हणाल्या, "चूक माझी. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं."

"घेऊन जा," शेवटी आई म्हणाली. "पण या वेळी ती अशीच परत आली, तर पुन्हा मागायला येऊ नका."

दोघी परत आल्या तेव्हा फाटकावर नवा फलक होता, 'अ दर्जा, शून्य गळती'. करवंदी वर्गात जाऊन बसली. हजेरीत तिचं नाव आलं नाही. तिनं दोनदा 'हजर' म्हटलं. सरांनी तिच्याकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं, आणि पटावर विश्वास ठेवला.

बाई प्राचार्यांकडे गेल्या. "तिचं नाव लिहा."

"लिहिलं तर ती मध्ये नव्हती हे दिसेल. मग गळती दिसेल. मग दर्जा जाईल." प्राचार्यांना खरंच वाईट वाटत होतं. "पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करू दे. मात्र आता दर्जा वाढलाय, तेव्हा चाळणी परीक्षा आहे. आणि अर्जदारानं यापूर्वी कुठेही शिक्षण सोडलेलं नसावं, अशी अटही आहे."

जाता जाता त्यांनी बाईंच्या हातात दोन कागद दिले. एक, समितीच्या दिवशी गैरहजर राहिल्याबद्दल नोटीस. दुसरा, अडचणी संपल्यामुळे खिडकी बंद करून त्यांची जावक विभागात बदली.

बाईंनी दोन्हींवर सही केली. करवंदी बाहेर उभी होती. तिला घरी पाठवता येत नव्हतं, आत घेता येत नव्हतं.

त्या दिवसापासून ऑफिस सुटलं की बाई कुंपणाबाहेरच्या हिरड्याखाली बसायला लागल्या. करवंदीचं गणित घ्यायच्या. व्याकरण स्वतःलाही नीट येत नव्हतं, ते आधी घरी वाचून यायच्या. आठवड्यानं पटावरून काढलेला रानडुक्कर आला. मग दोन ससे आले. करता करता नऊच्या नऊ जमले. परीक्षेला बाहेरून बसता येतं, हा नियम बाईंनी जावक विभागातल्या जुन्या कागदांत शोधून काढला.

वर्ष सरलं. वरून कागद आला. 'अ' दर्जाच्या कॉलेजांनी समाजातील वंचितांसाठी काय केलं, ते कळवावं. फोटोसह.

प्राचार्यांना घाम फुटला. खारमॅडमनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. या वेळी मोबाइल पूर्ण चार्ज होता.

हिरड्याखाली कापडी फलक लागला, 'ज्ञान आपल्या दारी'. नऊ जणांना ओळीत उभं केलं. प्राचार्यांनी प्रत्येकाला लाभार्थी म्हणून प्रमाणपत्र दिलं.

"यावर वर्गात बसता येईल का?" करवंदीनं विचारलं.

"नाही," प्राचार्य म्हणाले. "पण भिंतीवर लावता येईल."

"मग नावं पटावर लिहा, म्हणजे हिला वर्गातही बसता येईल," बाई म्हणाल्या.

"आत घेतलं तर बाहेर कोण उरणार, बाई? उपक्रमाला पूर्ण वीस गुण आहेत."

खारमॅडमनी सगळ्यांना हसायला सांगितलं. बाई हसल्या नाहीत. फोटोत त्यांचे फक्त काटे आले, आणि ते उभे राहिलेले होते.

फोटो दरबारात गेला. कॉलेजला 'अ अधिक' दर्जा मिळाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिरड्याखाली नेहमीसारखा वर्ग भरला. करवंदीची वही संपली होती. तिनं प्रमाणपत्र उलटं केलं. मागची बाजू कोरी होती, कागदही चांगला जाड होता. बाईंनी पाठीवरचा एक काटा उपसून दिला आणि सांगितलं, "लिही, उदाहरण सातवं."

तात्पर्य: विद्यार्थ्याला मदत करायची झाल्यास त्याला आधी फाटकाबाहेर काढावे. आत असेपर्यंत तो गळतीत मोजला जाण्याचा धोका असतो. एकदा बाहेर गेला की त्याचा उपक्रम होतो.